व्यसनमुक्ती उपचार, सिगारेट आणि फोन: नेमकी मदत कुठे होते?

उंबरठा:
मी निवासी व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. दारू किंवा ड्रग्जसाठी दाखल झालेल्या माणसाच्या सिगारेटबद्दल आमच्या क्षेत्रात अजूनही फार कमी बोललं जातं, म्हणून हा धागा काढतेय. दाखल करून घेताना दारू कधीपासून, किती, शेवटची कधी घेतली, हात थरथरतात का, सगळं खोदून विचारतात. धूम्रपानाच्या रकान्यात 'हो' लिहिलं की कागद उलटला. नातेवाईकही म्हणतात, "आधी दारू सुटू दे मॅडम. एवढा आधार तरी राहू द्या त्याला."

या आधाराची किंमत मोजलेली आहे. अमेरिकेत रिचर्ड हर्ट आणि सहकाऱ्यांनी १९७२ ते १९८३ या काळात व्यसनमुक्तीसाठी भरती झालेल्या ८४५ जणांचं पुढे काय झालं याचा माग काढला. ते संशोधन १९९६ साली छापून आलं. मृत्यूच्या दाखल्यावरून कारण कळलं अशा २१४ जणांपैकी निम्म्याहून थोडे जास्त तंबाखूशी संबंधित आजारांनी गेले होते. दारूशी संबंधित कारणांनी गेलेले साधारण एक तृतीयांश. दारू सोडवायला म्हणून आणलेली माणसं होती ही.

आणि प्रमाण? वीस देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये आला. उपचार घेणाऱ्यांत धूम्रपान करणारे सुमारे ८४ टक्के, आणि त्याच देशांतल्या सर्वसाधारण लोकांत ३१ टक्के.

माझं म्हणणं एवढंच आहे की सिगारेटचा उपचार केंद्रात असतानाच सुरू व्हावा आणि माणूस घरी गेल्यावर तो फोनवरून चालू राहावा. पण त्या फोनच्या पलीकडे ओळखीचं माणूस हवं. सुट्टीच्या कागदावर ॲपचं नाव लिहून दिलं तर आमचे पेशंट ते उघडतसुद्धा नाहीत. तुमच्यापैकी कोणी काय वापरलं, काय टिकलं, काय बंद पडलं, ते सविस्तर लिहा.

शांतनदी:
ताई, विषय महत्त्वाचा आहे, पण मी विरोधात लिहितोय. मी स्वतः दारूतून बाहेर आलेला माणूस. सुरुवातीच्या आठवड्यांत झोप नव्हती, घरच्यांच्या नजरेला नजर देता येत नव्हती. त्या काळात गच्चीवर जाऊन ओढलेली सिगारेट एवढीच काय ती दिवसातली मोकळी वेळ. ग्रुपमध्ये जे तोंडातून निघायचं नाही ते बाहेर पडून सिगारेट पेटवली की निघायचं. तीही काढून घेतली असती तर मी केंद्र सोडून गेलो असतो. एका वेळी एकच लढाई, असं आम्हाला सांगायचे. ते खोटं होतं का?

मनोवैद्य:
शांतनदी, तुम्ही मांडलेली भीती बहुतेक कर्मचाऱ्यांच्याही मनात असते, म्हणून नीट उत्तर देतो.

जुडिथ प्रोचास्का आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र केले. व्यसनमुक्ती उपचारांदरम्यान धूम्रपानासाठीही मदत मिळालेल्यांमध्ये दारू आणि ड्रग्जपासून दीर्घकाळ दूर राहण्याची शक्यता २५ टक्क्यांनी जास्त दिसली. कॉक्रेन या, वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्याने इतकं ठाम काही म्हटलं नाही, पण औषधं किंवा औषधं अधिक समुपदेशन यांनी सिगारेट सुटण्याचं प्रमाण वाढतं आणि दारू-ड्रग्जच्या बाबतीत नुकसान होत नाही, हे त्यातून स्पष्ट झालं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २००४ मध्येच ॲन जोसेफ यांची ४९९ दारूग्रस्तांवरची चाचणी आली. निम्म्यांना सिगारेटचा उपचार लगेच, निम्म्यांना सहा महिन्यांनी. सिगारेट सुटण्यात फरक पडला नाही आणि लगेच उपचार मिळालेल्या गटात दारूपासून दूर राहणाऱ्यांचं प्रमाण काहीसं कमी निघालं. मात्र 'नंतर बघू' या गटातले बरेचजण सिगारेटच्या उपचाराला आलेच नाहीत. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. नंतर म्हटलं की पुष्कळांचं ते राहूनच जातं.

म्हणून माझी पद्धत अशी: काढून कोणाचीच घ्यायची नाही, पण विचारायचं प्रत्येकाला, आणि उपचार हाताशी तयार ठेवायचा. ज्याला आज नको त्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारायचं. तुमची गच्चीवरची वेळही जपायला हवी. ती मोकळीक, ते बोलणं खरं आहे. सिगारेट न ओढणाऱ्यांनाही अशी जागा केंद्रात मिळाली पाहिजे.

आणखी एक. सिगारेट मन शांत करते असं वाटतं, पण त्यातला मोठा भाग निकोटिन उतरल्यावर आलेली अस्वस्थता पुढच्या सिगारेटने शमते, एवढाच असतो. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या आढाव्यात सिगारेट सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झालेला दिसला. मानसिक आजार असलेल्यांतही हेच.

बिटबाराखडी:
मी तांत्रिक बाजूचा माणूस. आरोग्याच्या मेसेजिंग यंत्रणांवर काम केलंय, त्यामुळे त्याबद्दलच लिहितो.

पहिली गोष्ट, साध्या एसएमएसला कमी लेखू नका. ब्रिटनमधल्या 'टेक्स्ट टू स्टॉप' चाचणीत ५८०० धूम्रपान करणारे होते. २०११ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: सहा महिन्यांनी, तपासणी करून खात्री केलेलं, सिगारेट सुटण्याचं प्रमाण मेसेजवाल्या गटात १०.७ टक्के आणि दुसऱ्या गटात ४.९ टक्के. आकडा लहान वाटेल, पण हे काम मेसेजने केलंय, म्हणजे हजारो लोकांपर्यंत ते पोचू शकतं. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यातही मेसेजच्या बाजूने पुरावा बऱ्यापैकी भक्कम निघाला, ॲपबद्दल मात्र ठोस काही सांगता येईना. नंतर २०२० मध्ये 'आयकॅनक्विट' या ॲपची २४१५ जणांवरची चाचणी आली. तलफेशी झटापट न करता ती येऊ द्यायची, ओळखायची आणि तरी सिगारेट पेटवायची नाही, या विचारावर ते ॲप बेतलेलं आहे. वर्षाअखेर त्याचे २८ टक्के, तुलनेतल्या ॲपचे २१ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये तंबाखू सोडवण्याच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात मेसेज आणि ॲप ही साधनं इतर उपचारांच्या जोडीला किंवा ज्याचं त्याने स्वतः वापरायचं साधन म्हणून मान्य केली आहेत. आपल्या पेशंटच्या बाबतीत मात्र 'जोडीला' हा शब्द कोणी गाळू नये.

मेसेजची आणखी एक बाजू व्यसनमुक्तीच्या पेशंटसाठी फार महत्त्वाची आहे. त्याला स्मार्टफोन लागत नाही, डेटा लागत नाही, लॉगिन नाही. घरच्यांनी साधा फोन दिला असेल तरी चालतं. आणि टेक्स्ट टू स्टॉपमध्ये उलट दिशेनेही मेसेज करता यायचा. तलफ आली किंवा एखादी ओढली गेली तर ठरलेला एक शब्द पाठवायचा, लगेच उत्तर यायचं. मी जी यंत्रणा पाहिली तिथे लोक सर्वांत जास्त वापर याचाच करायचे.

पारिजात:
मी बायकोच्या बाजूने लिहिते. तुम्ही सगळे फोनबद्दल इतकं चांगलं लिहिताय, पण आमच्या घरात फोन हीच घसरण्याची जागा होती. नवरा केंद्रातून घरी आला, फोन चार्जिंगला लावला आणि तो चालू होताच जुने मेसेज धडाधड यायला लागले. पिणाऱ्या मित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप, त्यांचे फोटो, ज्याच्याकडून माल घ्यायचा त्याचे मिस्ड कॉल. मी शेजारी उभी राहून बघत होते, त्याचा चेहराच बदलला. सिगारेट सोडायचा मेसेज त्या गर्दीत कुठे दिसणार?

उंबरठा:
पारिजात, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आम्ही आता हाच भाग आधी करतो.

सुट्टी मिळण्याच्या चार-पाच दिवस आधी पेशंट, घरचं एक माणूस आणि मी, असे तिघं फोन घेऊन बसतो. फोन पेशंटच्याच हातात. मी काही पुसत नाही, विचारते फक्त: "हा नंबर वाजला तर काय होईल?" उत्तर तो देतो, नंबर तोच ब्लॉक करतो, ग्रुपमधून तोच बाहेर पडतो. काहीजण नवीन सिम घेतात. एखादा नंबर काढायचा त्याच्या जिवावर येतं, तेव्हा त्यावर बोलायला आमच्या हाती अजून दिवस असतात. मग जिथे तलफेला हात जाईल तिथे, पहिल्या स्क्रीनवर, तीनच गोष्टी ठेवतो: मदतीचा नंबर, मेसेजची खिडकी आणि केंद्रातल्या ग्रुपमधल्या एका जोडीदाराचा नंबर.

मेसेजही तिथेच लिहितो. तयार मेसेज असतात, पण त्यात भर म्हणून प्रत्येकाकडून त्याच्या भाषेत काही लिहून घेतो. आमच्याकडच्या एका ड्रायव्हरने स्वतःसाठी लिहिलं होतं: "गाडी लावलीस ना? आता खाली उतरून टपरीकडे जाऊ नकोस. काच खाली कर, पाणी पी, पॅच हाताने चाचपून बघ." (पॅच म्हणजे अंगावर चिकटवायची निकोटिनची पट्टी.) तो मेसेज त्याची पाळी संपते त्या वेळेला लावला. 'धूम्रपान आरोग्यास घातक आहे' या छापाच्या वाक्याने तो कधीच हलला नसता. त्याला गाडी लावल्यावरची ती दोन मिनिटं माहीत होती, आम्हाला नव्हती.

वेळा ठरवताना मी आधी आठवडाभर केंद्रातच साधी नोंद करायला लावते: सिगारेट कधी हवीशी वाटली, कुठे होतास, आधी काय झालं. जागं झाल्यावर पहिली किती वेळात लागते हे तर विचारतेच. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर निकोटिनची पकड घट्ट आहे असं धरायचं आणि नुसत्या मेसेजवर भागणार नाही हे त्याला आधीच सांगायचं.

मनोवैद्य:
शेवटच्या वाक्याला माझा जोरदार पाठिंबा. पकड घट्ट असेल तर औषध हवंच. निकोटिनचा पॅच दिवसभर संथपणे पुरवठा करतो आणि अचानक उठणाऱ्या तलफेसाठी निकोटिनचा गम किंवा लॉझेंज, म्हणजे चघळायची गोळी. दोन्ही मिळून एकट्या पॅचपेक्षा जास्त उपयोग होतो. सिगारेट सोडवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या व्हेरेनिक्लिन या गोळीबद्दल पूर्वी मानसिक दुष्परिणामांची धास्ती होती. २०१६ मध्ये आठ हजारांहून जास्त लोकांवरची 'ईगल्स' चाचणी आली, त्यात मानसिक आजार असलेलेही होते. पॅच किंवा गोळीसारख्या दिसणाऱ्या बिनऔषधी गोळीच्या तुलनेत तसा धोका लक्षणीय वाढलेला दिसला नाही आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधाच्या माहितीपत्रकातला ठळक इशारा काढून टाकला. मात्र हे औषध चालू असताना दारू घेतली तर ती नेहमीपेक्षा वेगळी चढू शकते, हे आमच्या पेशंटना आवर्जून सांगावं लागतं.

बुप्रोपिऑन या सिगारेट सोडवण्याच्या दुसऱ्या गोळीच्या बाबतीत आमच्या क्षेत्रात विशेष काळजी हवी. दारू किंवा झोपेच्या, गुंगीच्या गोळ्या एकदम बंद करत असलेल्या माणसाला ते देऊ नये. झटके येण्याचा धोका असतो. स्वतःच्या मनाने दुकानातून आणू नका.

आणि एक गोष्ट बहुतेक ठिकाणी निसटते. सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृतातलं एक विकर (एन्झाइम) जास्त जोराने काम करतं आणि क्लोझापिन, ओलान्झापिनसारखी मानसिक आजारावरची औषधं लवकर निचरतात. सिगारेट थांबली की त्याच डोसमध्ये रक्तातली पातळी चढते. माणूस पेंगतो, लाळ गळते, आणि सगळे म्हणतात सिगारेट सोडल्याने असं झालं. डोस कमी करायचा असतो. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही, त्यामुळे पॅच लावल्याने तो टळत नाही. कॉफीचंही तसंच, तेवढ्याच कपांनी जास्त धडधड होते आणि झोप उडते. यासाठी फोनवर एक साधा प्रश्न पुरेसा आहे: "सोडल्यापासून झोप, सुस्ती, धडधड कशी आहे?" उत्तर गडबडीचं आलं तर त्याच दिवशी डॉक्टरला कळलं पाहिजे.

रात्रपाळी:
मी परिचारिका. दोन व्यवहारातल्या गोष्टी.

गम कसा खायचा हे कोणी शिकवतच नाही. लोक भराभर चावतात, तिखट लागतं, उचकी लागते आणि टाकून देतात. सावकाश चावायचा, झिणझिणलं की गालाच्या आत दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा थोडा चावायचा. आधी पंधरा मिनिटं कॉफी किंवा आंबट काही प्यायचं नाही, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. मी हे स्वतः करून दाखवतानाचा छोटा व्हिडिओ फोनवर काढून देते. पेशंटला रात्री अपरात्री तोच उपयोगी पडतो.

दुसरं म्हणजे श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र. आता फोनला जोडायची लहान यंत्रंही मिळतात. लघवी किंवा लाळेतलं कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ) तपासलं तर पॅच लावणाऱ्याचंही पॉझिटिव्ह येतं आणि त्याच्यावर उगाच संशय येतो. श्वासाच्या यंत्राने तसं होत नाही. पण ते साधारण शेवटच्या दिवसाचंच सांगतं, आणि गांजा ओढला तरी आकडा चढतो, हे आपल्याकडच्या पेशंटच्या बाबतीत लक्षात ठेवायचं. अमेरिकेत जेसी डॅलरी यांनी २००५ च्या सुमारास यावरूनच एक पद्धत केली होती. माणूस घरी बसून वेबकॅमसमोर दिवसातून दोनदा यंत्रात फुंकर मारायचा, व्हिडिओ पाठवायचा, आकडा कमी आला की बक्षिसाचं व्हाउचर. ज्या माणसावर वर्षानुवर्षं कोणी विश्वास ठेवलेला नसतो त्याला स्वतःचा उतरलेला आकडा पडद्यावर दिसणं फार मोठं असतं. आमच्याकडे व्हाउचर नाही, पण आकडा दिसला की पेशंट स्वतःहून घरी फोन लावतात.

जुनीवही:
मी बरीच वर्षं मदतगटात आहे. एका वेळी एकच लढाई हे वाक्य आमच्याच बैठकांतून बाहेर पडलं असावं, म्हणून लिहितो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या मदतगटाचे सहसंस्थापक बिल विल्सन यांनी १९३४ मध्ये दारू सोडली आणि ती शेवटपर्यंत सुटलेली राहिली. १९७१ मध्ये ते गेले ते एम्फिसेमा या फुप्फुसाच्या आजाराने आणि न्यूमोनियाने. आयुष्यातली बरीच वर्षं सिगारेट ओढत होते. ज्याने इतक्यांना वाचवलं त्याचं फुप्फुस असं गेलं, याचं मला दुःख आहे, आणि आमच्या बैठकांमध्ये याबद्दल मोकळेपणाने बोललं जावं असं मनापासून वाटतं.

आणि कर्मचारी? समुपदेशकच पेशंटबरोबर गेटबाहेर ओढत उभा असेल तर कुठल्या तोंडाने मेसेज पाठवणार? न्यूयॉर्क राज्याने २००८ मध्ये सगळ्या व्यसनमुक्ती केंद्रांचा परिसर तंबाखूमुक्त केला, नियम पेशंट आणि कर्मचारी दोघांनाही सारखा. सुरुवात तिथूनच करावी, आणि कर्मचाऱ्यांनाही सोडायला तीच मदत द्यावी.

शांतनदी:
डॉक्टर, उत्तर पटलं. विशेषतः 'नंतर'वाल्यांचं राहून जातं, हे. माझंही तसंच चाललंय. एक शंका आहे. मला नोंदींची भीती वाटते. मी कुठल्या उपचारात होतो हे नोकरीच्या ठिकाणी माहीत नाही. ॲपमध्ये 'तलफ आली', 'घसरलो' असं लिहायचं म्हणजे ते कोणाकोणाकडे जातं?

बिटबाराखडी:
भीती योग्य आहे. २०१९ मध्ये नैराश्य आणि धूम्रपान या विषयांवरची वरच्या क्रमांकाची ३६ ॲप तपासली होती. त्यातली २९ गूगल किंवा फेसबुकच्या सेवांकडे माहिती पाठवत होती आणि बऱ्याच ॲपनी धोरणात तसं स्पष्ट सांगितलंही नव्हतं. त्यामुळे फोनमधली संपर्कयादी, लोकेशन, माइक यांची परवानगी मागणारं ॲप नाकारा. खरं नाव नको, फेसबुकवरून लॉगिन तर नकोच. सरकारी किंवा विद्यापीठाच्या सेवेला प्राधान्य द्या. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणार नाही अशी सेटिंग करून घ्या. आणि केंद्रांना कळकळीची विनंती: मेसेजमध्ये केंद्राचं नाव, 'व्यसन', 'दारू' हे शब्द घालू नका. "आज कसं चाललंय?" एवढ्यावर काम होतं. ज्याचं त्याला बरोबर समजतं.

घसरणीच्या मेसेजबद्दलही लिहितो. काही ॲपमध्ये एक सिगारेट ओढली की साठलेले दिवस एकदम शून्य होतात. व्यसनातून उठणाऱ्या माणसाला तो शून्य दिसला की 'गेलंच सगळं' म्हणून तो पाकीट उघडतो, आणि त्याच्या बाबतीत पुढची पायरी बाटलीची असू शकते. असं काउंटर असेल तर बंद करा.

उंबरठा:
आमच्याकडे 'घसरलो' हा मेसेज आला की यंत्राचं उत्तर एकच ओळीचं असतं: "कळवलंत, बरं केलंत. पुढची पेटवू नका. आम्ही फोन करतोय." आणि फोन खरोखर जातो. दिवसा मी करते, रात्री ड्युटीवर असेल तो. यंत्राकडून याहून जास्त अपेक्षा मी ठेवत नाही. पहिला प्रश्न सिगारेटचा नसतोच, "आत्ता कुठे आहात, सोबत कोण आहे?" हा असतो. बऱ्याचदा तिथेच कळतं की दारूसुद्धा जवळपास आहे.

पानगळ:
सगळा धागा वाचला. माझा धाकटा भाऊ पुढच्या आठवड्यात केंद्रातून घरी येतोय. सिगारेट चालू आहे, पण सोडायचं म्हणतो. त्याच्या केंद्रात असलं काही नाही. ताई, मी आत्ता काय करू?

उंबरठा:
तो बाहेर यायच्या आधी तिथल्या डॉक्टरांना भेटा. त्याला कुठली औषधं चालू आहेत ते लिहून घ्या आणि सिगारेट थांबली तर कुठल्याचा डोस बदलावा लागेल हे विचारा. पॅच आणि गम चालेल का तेही. चालत असेल तर चिठ्ठी तेव्हाच घ्या, दोन-तीन महिने पुरेल असा हिशोब धरून, कारण लोक बरं वाटलं की लवकर थांबवतात.

तारीख त्यालाच ठरवू द्या. घरी आल्याच्या दिवशीच नको, त्या दिवशी त्याच्या डोक्यात पुष्कळ काही असेल. पण पहिल्या पंधरवड्यातली असू दे. फोन त्याच्यासोबत बसून आवरा, त्याच्या पाठीमागे नको. तुमच्या देशात सिगारेट सोडण्यासाठी मोफत हेल्पलाइन किंवा मेसेज सेवा असेल तर त्याची नोंदणी त्याच्या हाताने करा. पहिले तीन-चार दिवस चिडचिड सर्वांत जास्त असेल, दोन ते चार आठवड्यांत ती बरीच ओसरते. त्या दिवसांत "ओढलीस का?" असं विचारू नका.

दिवसातून एकदा, रोज ठरलेल्या वेळी, तुम्हीच त्याला मेसेज करा. आणि त्याच्या केंद्रातल्या समुपदेशकाला विचारून घ्या की पहिला महिना त्याने पाठवलेल्या मेसेजला ते उत्तर देतील का. हो म्हणाले तर तो नंबर त्याच्या पहिल्या स्क्रीनवर ठेवा. नाही म्हणाले तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा, कोणाशी बोलता येईल ते मी शोधते.